एका मॅचचा सीझन

‘चक दे इंडिया’ (२००७) आठवतोय ना? त्यात आपल्या पोरी वर्ल्डकपची पहिलीच मॅच ऑस्ट्रेलियाकडून ७-० ने हरतात आणि फायनलमध्ये त्याच ऑस्ट्रेलियाला लोळवतात. आता ती स्पर्धा नॉक-आऊट असती तर? पिक्चर तिथंच संपला असता राव!

आमचा तस्साच संपला. २०१२ साल, मी दहावीत, बुलढाणा जिल्ह्यातली एक शाळा. पीटीला नवे सर आले आणि त्यांनी फुटबॉलची टीम उभी केली. त्याआधी आम्ही अकराच्या अकरा जण बॉलमागे पळायचो. सरांनी जागा धरायला शिकवलं, मान वर करून पास द्यायला शिकवलं. दीड महिना, रोज सकाळी सहाला, चिखलात. मग जिल्ह्याची स्पर्धा. ०-३. बूट वाळायच्या आत सीझन खल्लास! पुढच्या वर्षी अर्धी टीम कॉलेजात पांगली आणि सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हिशोब करून बघा. १६ टीम, नॉक-आऊट, एकूण १५ मॅच. त्यातल्या ८ टीम एकच मॅच खेळून घरी. जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य ही शिडी जिंकणाऱ्यांसाठी ठीक आहे. पण शिकणाऱ्यांचं काय? वर्षातून एकदाच कोड रन करायला मिळालं, तर आपल्यापैकी किती जण नोकरीत टिकतील?

याउलट तिरंदाजी बघा. बुलढाण्याचाच प्रथमेश जावकर, चंद्रकांत इलग सरांच्या हाताखाली तयार झालेला. २०२३ च्या शांघाय वर्ल्डकपमध्ये त्यानं जगातल्या एक नंबरच्या माईक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये कंपाऊंड टीमचं गोल्डही आणलं. मेहनत त्याची आणि सरांची, त्यात वादच नाही. पण तिरंदाजाला टार्गेट रोज मार्क देतं. फुटबॉलच्या पोरांना मार्क देणार कोण? समोरची टीमच ना! आणि ती भेटते वर्षातून एकदा.

उपाय फार अवघड नाही. आसपासच्या ४ शाळांनी एकमेकींशी एकेकदा खेळायचं. मॅच होतात ६, आणि प्रत्येक टीमला मिळतात ३. खर्च म्हणाल तर एसटीचं भाडं आणि एक शिट्टी.

असो. दिवाळीत गावी गेलात तर शाळेत चक्कर मारा आणि पीटीच्या सरांना विचारा, “सर, यंदा पोरं किती मॅच खेळली?”

किती जिंकली, ते नंतर विचारा.