दात घासत नाहीस का?

परवा नातवाला पहिला दात आला म्हणून घरात कौतुक चाललं होतं. मला मात्र सिरोंच्यातला पहिलीचा एक मुलगा आठवला. बारीक, पिवळट, झिजलेले दात. "घासत नाहीस का रे?" म्हणून मी त्याला वर्गासमोर बोललो होतो. तो मान खाली घालून उभा राहिला.

दुधाचे दात आईच्या पोटातच, सहाव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागतात, हे मी फार उशिरा वाचलं. आईनं घेतलेली दारू वारेतून बाळापर्यंत पोचते. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा पिल्लांचे दात उशिरा आले. दातावरचं एनॅमल एकदा कच्चं राहिलं की पुन्हा तयार होत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पण ताडीला दारू म्हणतो कोण? अल्कोहोल तर तिच्यातही तेच!

त्या मुलाची आई घेत होती का, ठाऊक नाही. कुपोषणानं, आजारानंही दात असे होतात. मी चौकशी केलीच नाही. गरोदरपणात घोटभरही नको, हे त्या माउलीला कुणी सांगितलं होतं का? सांगायचं काम आपलं होतं. मी सहा वर्षांच्या पोरालाच दोष देऊन मोकळा झालो.