बजेटच्या दिवशीची साडी

प्रिय सखी,

तुझं पत्र पोचलं. ऑकलंडची थंडी, धाकटीची शाळा आणि तिकडच्या दहा डॉलरच्या नोटेवरची, बायकांच्या मतासाठी लढलेली केट शेपर्ड, सगळं दोनदा वाचलं. न्यूझीलंडच्या बायकांना १८९३ साली मताचा हक्क मिळाला, पण त्यांच्यातली पहिली खासदार निवडून यायला १९३३ उजाडलं. म्हणजे मधे चाळीस वर्षं गेली गं!

इकडे रोज रात्री टीव्हीवर चौकटी-चौकटींतून पुरुष एकमेकांवर ओरडत असतात आणि विषय असतो ‘लाडकी बहीण’ योजना. जुलै २०२४ पासूनचे महिन्याला दीड हजार रुपये बायकांना मिळू लागले, तेव्हापासून ‘महिलांची मतं कुणाला’ यावर तासन्‌तास खल चालतो. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई परवा म्हणाल्या, “पैशानं पोरीच्या क्लासची फी निघाली, खोटं कशाला बोलू? पण मत मी नळाला पाणी बघून दिलं.” इतकं नेमकं त्या चर्चेत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

आणि बजेट! १ फेब्रुवारी २०२५ ला निर्मला सीतारामन यांनी सलग आठवं बजेट मांडलं. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, ही केवढी मोठी बातमी. पण सकाळपासून पडद्यावर चर्चा कशाची, तर त्यांच्या मधुबनी साडीची. ती साडी पद्मश्री दुलारीदेवींनी दिलेली, त्यांच्या कलेचं कौतुक व्हायलाच हवं. मला खटकतं ते वेगळंच. आधीच्या एकाही अर्थमंत्र्याच्या जाकिटाचा रंग मला सांगता येणार नाही, कारण तो कधी कुणी दाखवलाच नाही.

माझी नणंद गावची सरपंच झाली, हे तुला कळवलं होतंच. आपल्याकडे २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणून हे घडलं. कामाला वाघीण आहे ती. पाण्याच्या टाकीची फाईल घेऊन तालुक्याला खेटे घातले, पाइपलाइन वाडीपर्यंत नेली. एक वार्ताहर मुलाखतीला आला. पहिला प्रश्न: “घर आणि राजकारण कसं सांभाळता?” तिनं टाकी किती लिटरची, खर्च किती, सगळं सांगितलं. छापून काय आलं? पहाटे उठून स्वयंपाक उरकून ती ऑफिसात जाते, हे. तालुक्याच्या कचेरीतून फोन अजूनही तिच्या नवऱ्याच्या, भावजींच्याच मोबाइलवर येतो. भावजी भला माणूस, ते लगेच म्हणतात, “मॅडमना देतो.” सगळ्याच घरांत असं होत नाही. कितीतरी गावांत कारभार ‘सरपंचपती’च हाकतात.

मला सारखी ताराबाई शिंदे आठवते. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला गाजला, वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्यावर घसरली, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईनं १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून उत्तर दिलं. तिचा राग मला आज जसाच्या तसा कळतो.

२०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. बायकांना तेहतीस टक्के जागा देणारा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, पण त्याचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला. गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात १९६० पासून एकही बाई त्या खुर्चीत बसलेली नाही, याची मला मनापासून लाज वाटते.

म्हणून एक काम सांगते, टाळू नकोस. तुझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे ना? मग नमुना ६ अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदव. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन इथे स्वतः यावं लागतं, तेव्हा रजा आत्तापासून साठव.

तुझीच,
मैत्रीण