मोटारीच्या तोंडावरील किडे

मोटार घरांत आली म्हणजे तिच्याबरोबर थोडी ऐट येते, बँकेचे हप्ते येतात, आणि एकत्र कुटुंब असेल तर तिच्या किल्लीवरून थोडे रुसवेफुगवेहि येतात. हें सर्व गृहीत धरूनच माणसें मोटार घेतात. परंतु पावसाळ्याच्या तोंडाशीं रात्रीचा लांबचा प्रवास करून आल्यावर सकाळीं तिच्या तोंडाकडे पाहिलें असतां जो देखावा दिसतो, त्याची कल्पना गाडी विकणारा आपणांस कधींच देत नाहीं. मृगाची पहिली सर पडून गेली कीं वाळवीचीं पंख फुटलेलीं पांखरें हजारोंनीं जमिनींतून वर येतात आणि दिव्यांकडे झेपावतात. त्यांच्या जोडीला पतंग, भुंगेरे, चिलटें असतातच. शंभराच्या वेगानें धांवणाऱ्या गाडीपुढें यांपैकीं एकाचाहि निभाव लागत नाहीं. आणि बॉनेटची पुढची कड, दिवे, नंबराची पाटी, आरशांच्या पाठी व पुढची कांच पिवळ्या-काळ्या डागांनीं भरून जाते.

हे डाग केवळ दिसावयास वाईट असते, तर त्यांची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. आमच्या घरची गाडी चौघां भावांनीं पैसे घालून घेतली आहे, आणि पांच-सहा वर्षांनीं ती विकून जी रक्कम येईल ती पुतणीच्या पुढील शिक्षणासाठीं आम्हीं आतांच मनानें बाजूला काढून ठेविली आहे. जुनी गाडी घेणारा मनुष्य इंजिनाकडे मागाहून वळतो. आधीं तो बॉनेटवर उन्हांत तिरपी नजर टाकतो. तेथें ओरखडे आणि खळगे दिसले कीं त्याची बोली उतरते. शिवाय वस्तु सर्वांच्या मालकीची असल्यामुळें किडे काढण्याच्या रीतीहि जितकीं माणसें तितक्या निघाल्या. काकांचा भरंवसा रॉकेलवर. कोठून तरी मिळविलेली एक बाटली त्यांनीं त्यासाठींच जपून ठेविली आहे. आजीनें चिंचेचा कोळ सुचविला, कारण त्यानें पितळेचा डाग निघतो हें तिनें आयुष्यभर पाहिलें आहे. पुतण्या स्वयंपाकघरांतील भांडीं घासण्याची हिरवी घासणी घेऊन निघालाच होता. तेवढ्यांत थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, दूध करपलेलें पातेलें आपल्याकडे लगेच खरवडतात, कीं आधीं पाणी घालून ठेवितात?"

या एका प्रश्नांत निम्मी विद्या आहे. किड्याचें कवच कायटिन नांवाच्या चिवट पदार्थाचें असतें व आंतील रसांत प्रथिनें असतात. आघातासरशीं हा रस रंगावर पसरतो, आणि इंजिनाच्या व उन्हाच्या उष्णतेनें अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें साखळून घट्ट बसतो. पुढें तो कुजूं लागला म्हणजे त्यांतून आम्लें निघतात. उन्हांत तापलेला रंगाचा वरचा थर थोडा मऊ पडलेला असतो. त्यांत हीं आम्लें खोल शिरून ठसा उमटवितात. हिवाळ्यांत एखादा दिवस सवड मिळते; वैशाखाच्या किंवा मृगाच्या उघडिपीच्या उन्हांत मात्र दुसऱ्या दिवसावर काम ढकलूं नये.

आतां ज्या थराला आपण जपतों तो आहे तरी केवढा? हल्लींच्या गाडीच्या पत्र्यावर गंज अडविणारें अस्तर, त्यावर दुसरें अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर, असा प्रकार असतो. हे सगळे मिळून साधारणपणें मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून किंचित् जास्त भरतात. त्यांतील वरचा पारदर्शक थर बहुधा 40 ते 50 मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनहि कमी. गाडीची सगळी झळाळी याच थराची. पूर्वीं असें नव्हतें. 1923 सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना प्रथम 'ड्यूको' हा लवकर वाळणारा रंग देण्यांत आला, व त्याचें नांव आमच्याकडे इतकें रुळलें कीं अजूनहि रंगाऱ्यांच्या दुकानांवर 'ड्यूको पेंटिंग' अशा पाट्या दिसतात. त्या रंगावर पारदर्शक थर नसे. जुन्या गाडीला पॉलिश करतांना फडक्याला गाडीचाच रंग लागे, तो त्यामुळें.

इतक्या पातळ थरावर हिरवी घासणी, राख, काथ्या, दंतमंजन यांपैकीं कांहींहि चालविणें म्हणजे आरशावर वाळू फिरविण्यासारखें आहे. वहिनींची पातेल्याची उपमा येथपर्यंतच पोंचते. भिजविण्याचा भाग घ्यावा, खरवडण्याचा सोडावा. आजीच्या चिंचेचेंहि तसेंच. पितळेवरचा काळेपणा आम्लानें जातो हें खरें, पण प्रथिनांची गोष्ट उलट आहे. दुधांत लिंबू पिळल्यावर काय होतें तें तिला आम्ही सांगावयास नको. किड्याचा रसहि आम्लानें सुटण्याऐवजीं साखळण्याचीच भीति अधिक. कढत पाण्याविरुद्धहि हाच आक्षेप आहे. काकांचें रॉकेल रस्त्यावरच्या डांबराचे ठिपके काढतें, तेवढें श्रेय त्यास दिलें पाहिजे. किड्यांवर त्याचा विशेष उपयोग नाहीं. उलट गाडीवरचें मेण तें धुऊन नेतें आणि मागें जो तेलकट थर राहतो त्यावर धूळ बसते. काकांनीं बाटली अद्याप टाकलेली नाहीं, पण ती आतां सायकलच्या सांखळीसाठीं आहे.

करावयाचें तें इतकेंच. गाडी सावलींत उभी करून बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबावें. मग नळीनें भरपूर पाणी सोडून आधीं धूळ उतरवावी. आमच्या रस्त्यांवरील धुळींत दगडाची कच असते, आणि कोरडें फडकें फिरविणाऱ्याचा हात नकळत त्या कचेनें रंग घासतो. नंतर जुन्या धोतराचे मऊ तुकडे कोमट पाण्यांत बुडवून डागांवर ओले ओले पसरावेत व दहा मिनिटें त्यांस हात लावूं नये. फडकें वाळूं लागलें तर पुन्हां पाणी शिंपडावें. या दहा मिनिटांत माणसाचा जीव कासावीस होतो, कारण कांहीं काम होत आहे असें दिसत नाहीं. वस्तुतः सारें काम त्याच वेळीं होत असतें. पुढें मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शाम्पू पाण्यांत कालवून मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानें, जोर न देतां, डाग एका दिशेनें उचलून घ्यावा आणि फडक्याची घडी वरचेवर बदलावी. फडकें पिळण्याची बादली निराळी ठेवावी, नाहीं तर पहिल्या डागाची कच दुसऱ्यावर येते. जो डाग हटणार नाहीं, त्यावर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाहि ओला फडका ठेवावा. तरीहि बधत नसेल तर किड्यांसाठीं मुद्दाम केलेलें द्रावण बाजारांत मिळतें तें वापरावें. मात्र तें रंगावर वाळूं देऊं नये. शेवटीं स्वच्छ पाणी आणि कोरडा मऊ पंचा. बोअरचें जड पाणी वापरणाऱ्यांनीं हें पुसणें टाळूं नये; तें वाळलें कीं क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि एक डाग काढून दुसरा लावल्यासारखें होतें.

पैसे देऊन धुवून घेणाऱ्यांनीं शेजारीं उभें राहावें. आमच्या धाकट्या बंधूंनीं गाडी एकदां धुण्याच्या ठिकाणीं सोडली होती. तेथल्या मुलानें आधीं चाकें पुसलीं आणि त्याच फडक्यानें बॉनेट. उन्हांत पाहिलें तों त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें उमटलेलीं. त्या मुलाला कोणी कांहीं शिकविलेलेंच नव्हतें. दिवसाला किती गाड्या झाल्या एवढेंच त्याला विचारीत.

कांचेला फार भ्यावयास नको, परंतु वाटेंत वायपर चालवून किडे काढूं नयेत. एका डागाचा पंखा होतो आणि समोरचें दिसेनासें होतें. दिव्यांवर जें आवरण असतें तें हल्लीं कांचेचें नसून पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचें असतें. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास त्याला तडे जाऊन तें धुरकट होतें. पुढच्या जाळीमागील रेडिएटरच्या पापुद्र्यांवर जोराच्या फवाऱ्याचें पाणी कधीं मारूं नये. ते कागदासारखे वांकतात.

मेणाचा लेप आधींच दिलेला असला तर किडे लवकर सुटतात. ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळणारें कार्नोबा मेण यासाठीं प्रसिद्ध आहे. कांहीं महिन्यांनीं तें झिजतें व पुन्हां द्यावें लागतें. पण एक उपाय फुकटचा आहे, आणि तो आजीला सर्वांत पटला. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून 2025 मध्यें पुरा खुला झाल्यापासून आमचीं मंडळी आजोळीं रात्रीं निघतात. तेथें मोटारीला 120 च्या वेगाची मुभा आहे. परंतु आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. 80 च्या मानानें 120 ला तो सव्वादोनपट होतो. पांखरें उठण्याच्या दिवसांत पहांटे उजाडल्यावर निघावें हें तर सर्वांत बरें. आजीला गणित नको होतें. देवदर्शनाला नेणाऱ्या गाडीच्या कपाळावर एवढीं प्रेतें तिला मुळांतच खपत नव्हतीं.

तिच्या या म्हणण्याला आम्ही हांसत नाहीं. जर्मनींतील संरक्षित क्षेत्रांत 27 वर्षें केलेल्या मोजणीचा निष्कर्ष 2017 सालीं प्रसिद्ध झाला. उडणाऱ्या किड्यांचें एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचें त्यांत आढळलें. युरोपांतील जुने मोटारवाले पूर्वींइतकी कांच पुसावी लागत नाहीं असें म्हणतात, तें आनंदानें म्हणत नाहींत.

घरांत आतां असें ठरलें आहे कीं गाडी ज्यानें आणली, त्यानेंच जेवावयास बसण्यापूर्वीं तिच्या तोंडावर ओले फडके टाकावयाचे. वहिनींनीं त्यासाठीं बादली आणि धोतराचे तुकडे जिन्याखालीं ठेविले आहेत. इतकें करूनहि धुतल्यावर कोठें पुसट सांवली उरली आणि ती भिजवून जात नसली, तर तो डाग नसून खळगा आहे असें समजावें. तो काढावयाचा म्हणजे सभोंवतालचा पारदर्शक थर घांसून खालीं आणावयाचा, आणि तो थर पुन्हां वाढत नाहीं. तेव्हां जाणत्या कारागिराखेरीज कोणीं त्याच्या वाटेस जाऊं नये. आमच्या बॉनेटवर उजव्या दिव्याच्या वर असे दोन खळगे आहेत. ते आम्हीं तसेच राहूं दिले आहेत.