वेलांटी आधी की नंतर?

मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर प्रकाशक, मुद्रक आणि मुखपृष्ठकार यांच्या खाली 'अक्षरजुळणी' असा एक शब्द असतो. त्याच्यापुढचं नाव वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. ती अक्षरजुळणी मी करते, हैदराबादेत, काचीगुड्याला, १९९७ पासून. पुस्तकं, स्मरणिका, कार्यवृत्तं, श्रद्धांजलीची पत्रकं आणि लग्नाच्या पत्रिका. आमच्याकडे मुलगी मराठी, जावई तेलुगू आणि पत्रिका दोन्ही लिप्यांत, ही नेहमीची गोष्ट. उर्दू मजकूर असला तर तो मी छत्ता बाजारातून जुळवून आणते. तिथं पूर्वी कातिब बसून बोरूनं लिहीत. आता बहुतेक ठिकाणी संगणक आहे.

बाहेरच्या लोकांना हैदराबादेत मराठीचं काम कसं काय, असा प्रश्न पडतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण सुलतान बाजार, गौळीगुडा, इसामिया बाजार, काचीगुडा इथली मराठी घरं होती तिथंच राहिली. त्यांच्या शाळा, ग्रंथालय, साहित्य परिषद सगळं इथंच. १९३१ चं मराठी साहित्य संमेलन या शहरात भरलं होतं, ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष होते. त्या काळात छापलेलं मराठी पुस्तक आज हातात घेतलं तर सरळ वाचता येतं. मी २००३ साली जुळवलेलं पुस्तक मात्र माझ्या नव्या संगणकाला वाचता येत नाही. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच.

माझे वडील गौळीगुड्यात एका ट्रेडलवर कंपोझिटर होते. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केससमोर उभं राहून उजव्या हातानं खिळा उचलायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचा. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खिळा कुठल्याही फाउंड्रीचा असो, त्याची पायापासून अक्षराच्या चेहऱ्यापर्यंतची उंची ०.९१८ इंच. त्यामुळे मुंबईहून आणलेला टाईप आणि कुणाच्या बंद पडलेल्या छापखान्यातून वजनावर घेतलेला टाईप एकाच फर्म्यात शेजारी शेजारी बसे. यंत्र बदललं तरी खिळे फेकावे लागत नसत. झिजले की वितळवायचे, पण ते झिजल्यामुळे, मशीन नवं आलं म्हणून नाही.

माझ्या पिढीनं संगणकावर जे खिळे वापरले त्यांना अशी सर्वमान्य उंची नव्हती. हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी रड यातून निघते.

तेव्हाच्या फॉन्टात एकूण २५६ घरं. त्यातली काही संगणकानं स्वतःसाठी राखलेली, म्हणजे हाती दोनशेच्या आसपास. त्यात बाराखडी आणि जोडाक्षरं कशी बसवायची? मग अक्षरांचे तुकडे केले. 'ग' असा स्वतंत्र नाहीच. अर्धा ग आणि त्याच्यापुढे काना. अशा तुकड्यांना इंग्रजी अक्षरांची घरं दिली. मी 'गणपती' टाईप केलं की मला गणपती दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं, टोपीवाली युरोपी अक्षरं आणि एखादं पौंडाचं चिन्ह असं कडबोळं असे. फॉन्ट हा त्यावर घातलेला मुखवटा. मुखवटा काढला की खालचं ध्यान दिसतं. आणि कुठला तुकडा कुठल्या घरात ठेवायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. श्रीलिपीचं एक, आकृतीचं दुसरं. तेलुगूवाल्यांचं तेच. इथल्या तेलुगू डीटीपीवाल्यांची हयात अनू फॉन्ट आणि पानं लावायचा पेजमेकर यांच्यावर गेली.

सर्वांना मान्य उंची अस्तित्वातच नव्हती, असंही नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ घरं आणि तुकडे नाहीत, अक्षरं. जोडाक्षर कसं दिसावं ते फॉन्टनं पाहायचं. विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट संगणकाबरोबरच येऊ लागला. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हता आणि पुस्तकं पेजमेकरवर होत. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची. तीच पुढं कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था होती. त्यामुळे 'तुम्ही लोकांनी वेळीच का नाही बदललं' असं मला कुणी तरुण इंजिनिअरनं विचारलं की मी त्याला चहा देते आणि विषय बदलते.

माझा संगणक २००४ चा. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क आणि एक्सपी. मराठीचं पॅकेज मी कर्ज काढून घेतलं होतं. त्याच्याबरोबर एक कुलूप आलं होतं, आगपेटीएवढं, पंचवीस पिनांचं, प्रिंटरच्या पोर्टात बसणारं. ते लावलं तरच मराठी उमटायची. चार वर्षं काही तक्रार नव्हती. मग २००८ मध्ये एका लेखकाची फाईल ईमेलनं आली, ती उघडेना. ऑफिस २००७ नं फाईलचा ढाचाच बदलला होता. डॉकच्या शेपटीला एक एक्स लागला होता. जुन्या ऑफिसला ती फाईल उघडता यावी म्हणून एक फुकट पुरवणी मिळे, ती घातली. फाईल उघडली आणि आत चौकोनच चौकोन. लेखकानं युनिकोडमध्ये लिहिलं होतं. एक्सपीला भारतीय लिप्या येतात, पण त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागते, मग ते मूळ सीडी मागतं. माझी सीडी कपाटात होती आणि तिच्यावर मुलानं चांदणी काढली होती. सीडी मिळवण्यात एक दिवस गेला.

खरी परीक्षा २०१४ ला आली. ८ एप्रिलला एक्सपीचा आधार संपला, ऑफिस २००३ चाही त्याच दिवशी. भाचा म्हणाला, मावशी, आता हे इंटरनेटला लावू नकोस. बरं, फक्त ऑफिस नवं घालावं म्हटलं तर २०१३ ची आवृत्ती एक्सपीवर चढतच नाही. २०१० ची चढते, ती शेवटची. म्हणजे विंडोज बदला. विंडोज ७ ला किमान १ जीबी रॅम हवी. माझ्या मदरबोर्डला लागणारी जुन्या पिढीची रॅम शोधायला सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेले, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात. जुनी वापरलेली रॅम नव्या पिढीच्या कोऱ्या रॅमपेक्षा महाग निघाली. दुकानातल्या पोरानं मला समजावलं, "आपा, इसकू बदल डालो. इसमें दम नै रहा." मी म्हटलं, "हौ, पन मेरा काम इसीच में है." नवा संगणक घ्यावा तर त्याला पंचवीस पिनांचं पोर्टच नाही. पोर्ट नाही म्हणजे कुलूप नाही आणि कुलूप नाही म्हणजे मराठी नाही. त्याच पोर्टावर चालणारा माझा लेझर प्रिंटरही गेला. एक सांधावं तर तेरा तुटतात, ही म्हण बहुतेक अक्षरजुळणीवाल्या बाईनंच केली असावी.

शेवटी जुनी रॅम घेतली, विंडोज ७ घातलं, नवं लेखनाचं पॅकेज घातलं. हातात एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती आणि समारंभाला अकरा दिवस उरले होते. इतक्या तोंडावर असा उद्योग करू नये, हे मला कळत होतं. केला.

पहिल्या रात्री सगळं सुरळीत वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढली तर जवळपास प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर अपंग. कुठे पूर्ण अक्षराचं अर्धं झालेलं, कुठे काना एकटाच उभा. मधली अक्षरं ठणठणीत. मला वाटलं फॉन्ट बिघडला. पुन्हा घातला, तेच. भाच्यानं ओळखलं. नव्या पॅकेजात वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर आपोआप मोठं करायची सोय चालू होती. माझं मराठी संगणकाच्या लेखी इंग्रजीच; त्यानं पूर्णविराम पाहिला आणि पुढचं अक्षर इमानेइतबारे मोठं केलं. त्या मोठ्या अक्षराच्या घरात माझ्या फॉन्टचा भलताच तुकडा होता. अवतरणचिन्हांचंही तसंच, सरळ चिन्हाची वळलेली झाली आणि त्या घरातली मात्रा नाहीशी. जुन्या संगणकावर या सोयी मी दहा वर्षांपूर्वी बंद केल्या होत्या आणि विसरून गेले होते. चूक माझीच. चौसष्ट पानं पुन्हा तपासली.

मग ठरवलं, आता युनिकोडच. जुना मजकूर रूपांतरित करून देणारे प्रोग्राम मिळतात, त्यातला एक वापरला. इथं वेलांटीचा प्रश्न येतो. 'कि' लिहिताना जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी दाबायची, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती क च्या नंतर, कारण उच्चार नंतर. रूपांतरानं अशी प्रत्येक वेलांटी उचलून पुढे नेऊन ठेवायची. रफाराचं उलट. तो जुन्या पद्धतीत सगळ्यात शेवटी यायचा, युनिकोडमध्ये जोडाक्षराच्या आधी यावा लागतो. प्रोग्राम आळशी असेल तर रफार एकच अक्षर मागे नेतो, अख्खं जोडाक्षर ओलांडत नाही. 'सामर्थ्य' चं 'सामथ्र्य' होतं, 'विद्यार्थ्यांना' चं 'विद्याथ्र्यांना'. हे शब्द तुम्हीही कुठे ना कुठे वाचले असतील आणि लिहिणाऱ्याला शिव्या दिल्या असतील. त्या शिव्या रूपांतराला द्यायच्या होत्या.

त्याहून चोरटा शत्रू म्हणजे 'ऱ्या' मधला अर्धचंद्रासारखा र. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या प्रोग्रामला तो ठाऊकच नसतो. तो त्याचा रफार करून मोकळा होतो. शब्द शुद्धच दिसतो, त्यामुळे प्रुफात सापडत नाही. आमच्या त्या स्मरणिकेत आभाराच्या पानावर 'तीन दिवस पंगती सांभाळणाऱ्या आचाऱ्यांचे आभार' असं होतं. 'सांभाळणार्या' मी पकडलं, पुढचा शब्द निसटला. छापून आलं, 'आचार्यांचे आभार'. अध्यक्ष चिडले. आचारी मात्र त्या पानाची कात्रणं घेऊन गेले.

'ॲ' ची कथा अशीच. बॅट, बँक सगळे रोज लिहितात, पण शब्दाच्या सुरुवातीचा ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टात तो चौकोन दिसतो. म्हणून लोक अ वर चंद्र ठेवून भागवत आणि आता नवे संगणक त्या जोडणीत ठिपक्यांचं एक वर्तुळ घालतात. 'ॲड.' लावणाऱ्या किती वकिलांनी मला फोन केलेत, मोजलं नाही.

छत्ता बाजारातल्या माझ्या ओळखीच्या उर्दूवाल्यांना मी हे सांगते तेव्हा ते नुसते हसतात. उर्दूच्या नस्तालिक वळणात अख्खा शब्दच उजवीकडून डावीकडे उतरत जातो. त्याच्या जोडाकृती हजारांत. इनपेज या प्रोग्रामशिवाय त्यांचं पान हलत नाही आणि जुन्या इनपेजची फाईल दुसरीकडे नेणं म्हणजे माझ्याच दुखण्याचा मोठा भाऊ.

आता माझ्याकडे नवा संगणक आहे, युनिकोड आहे, इनडिझाईन आहे. इनडिझाईनची २०१२ ची सीएस-सिक्स ही आवृत्ती आमच्या धंद्यात पुलासारखी. मराठी जोडाक्षरं तिच्यात पहिल्यांदा नीट बसू लागली आणि पेजमेकरच्या फायली उघडणारीही तीच शेवटची. पुढच्यांनी ते दार बंद केलं. तिच्यातून पानाची मांडणी या तीरावर येते. अक्षरं मात्र जुनाच मुखवटा घालून येतात, आणि पुढे वेलांटी, रफार, ऱ्या असं सगळं आलंच.

जुना संगणकही आहे. २०१४ च्या त्या स्मरणिकेनंतर मी त्याच्यावर एक्सपी परत घातला, इंटरनेटची तार काढली, कुलूप जागेवर लावलं आणि वर पलंगपोसाचा तुकडा टाकला.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त मास्तर आले. त्यांचं पुस्तक मी जुळवलं होतं, २००३ च्या दिवाळीत प्रसिद्ध झालं होतं. आता पुनर्मुद्रण करायचं होतं. "बाई, काही नाही, फक्त एक वाक्य बदलायचंय," म्हणाले. मी पलंगपोस काढला. संगणक घरघरत सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे काळ्या पडद्यावर अडला. आतली बॅटरी केव्हाच संपली आहे, त्यामुळे दर वेळी तो तारीख विसरतो. मास्तर चष्मा वर करून जवळ आले आणि वाचू लागले. १ जानेवारी २००३.

"म्हणजे पुस्तक अजून निघालेलंच नाही," ते म्हणाले, खुर्ची ओढून बसले, आणि पिशवीतून चार पानांची दुरुस्ती काढली.