पिवळा रंग आला, की हुश्श!

नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असं वाटतं ना? पण रोगजंतू डोळ्यांना दिसतच नाहीत! म्हणून आमच्या गावचे जलसुरक्षक काका टाकीत टीसीएल पावडर घालतात आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडतात. तरी शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पावसाळ्यात जुलाबाने वर्गातले बाक रिकामे दिसले, की माझ्या पोटात गोळा येतो. मी काकांना शाळेच्या नळावर बोलावते. ते पाण्यात ओटीचे थेंब टाकतात. (हे औषध विषारी, ते मोठ्यांनीच हाताळायचं.) पिवळा रंग आला, की हुश्श! नाही आला, तर पाणी उकळून प्यायचं आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवायचं. तुमच्या नळाचं पाणी कोण तपासतं? आजच विचारा बरं!