आधी ब्रेक, मग ताकद

कॅलगरीत थंडीच्या दिवसांत उभ्या गाड्यांकडे नीट पाहिलं, तर बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. टोकाला साधा प्लग. ऑफिसांच्या आणि इमारतींच्या पार्किंगमध्ये त्यासाठी सॉकेटचे खांब उभे असतात. पारा उणे तिशीला टेकला की इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जीव अर्ध्यावर येतो आणि कितीही सेल्फ मारला तरी इंजिन उचलत नाही. म्हणून ब्लॉकमध्ये बसवलेला हीटर पहाटे काही तास चालू ठेवायचा. माझ्या पिकअपचा हीटर ७५० वॉटचा आहे, त्याला टायमर लावून ठेवतो. भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला इंजिन तापू नये याची काळजी ठाऊक असते. ते गरम कसं ठेवायचं हे मी इथे शिकलो.

गाडी १९९७ सालची डॉज रॅम. सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल आणि हाताचे गिअर. डॅशबोर्डला तडे गेलेत, या मॉडेलच्या बहुतेक गाड्यांना जातातच. इथल्या मराठी मित्रांना तिचं नवल वाटतं. एवढ्या पगारात नवी गाडी घे की, म्हणतात. पण घर बदलायचं असलं, नव्या आलेल्या कुटुंबाचा सोफा आणायचा असला, गणपतीच्या मखराचं सामान हॉलवर न्यायचं असलं की फोन मलाच येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

कमिन्स हे नाव मी अंबाडी नाक्यावर पहिल्यांदा ऐकलं. भिवंडीच्या गोदामांतून वाड्याकडे आणि पुढे मनोरला हायवे गाठणारे ट्रक नाक्यावर थांबायचे. ड्रायव्हर मंडळी चहा घेता घेता गाड्यांच्या गोष्टी करायची, आणि कमिन्सची गाडी म्हटलं की बोलण्यात वेगळाच आदर यायचा. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी १९१९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला आली. १९९३ मध्ये टाटांबरोबर भागीदारी होऊन जमशेदपूरला ट्रकांची इंजिनं बनू लागली. ती बी सिरीजची इंजिनं. अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसलं तेही याच घराण्यातलं. आपल्याकडे ज्या इंजिनावर सोळा टनी ट्रक चालला, ते इथे पिकअपमध्ये आहे. ते इतकं टिकतं यात मला तरी नवल वाटत नाही.

या इंजिनाचा खरा गुण साधेपणात आहे. बॉशचा पी-७१०० पंप सगळा यांत्रिक आहे, त्यात कॉम्प्युटर नाही. एकदा सुरू झालं की इंजिनाला चालत राहायला विजेची गरज जवळजवळ नसते. डिझेल बंद करणारा सोलेनॉइड तेवढा उघडा राहिला की झालं. रस्त्यात तो दगावला तर त्याचा दांडा तारेने वर बांधून लोक घरी पोहोचतात. टॅपेट सेट करायला फिलर गेज, पाना आणि एक सकाळ पुरते: इनलेटला दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्टला वीस. थंडीसाठी यात ग्लो प्लग नाहीत. आत जाणारी हवा तापवणारी जाळी आहे, आणि डॅशवरचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारायचा. नाक्यावरचा मिस्त्री हे इंजिन पहिल्यांदा पाहूनही खोलू शकेल, अशी माझी खात्री आहे.

पण याच इंजिनात एक जीवघेणी खोट आहे. टायमिंग गिअरच्या केसिंगमध्ये पोलादाची छोटी पिन दाबून बसवलेली असते. कारखान्यात जुळणी करताना केसिंग नेमक्या जागी बसावं एवढंच तिचं काम. जुळणी झाली की तिची गरज संपते, पण ती तिथेच राहते. मग वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते. कधी केसिंग आणि कव्हर यांच्यामध्ये पडते आणि काही बिघडत नाही. कधी चालत्या गिअरच्या दातांत पडते, आणि मग गिअर, केसिंग, कॅमशाफ्ट सगळंच जातं. उपाय मात्र साधा आहे. पंखा, पट्टा आणि क्रँकची पुली काढायची, पुढचं कव्हर उघडायचं, पिन जागेवर ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली एक पत्ती अशी बसवायची की तिचं टोक पिनेच्या तोंडावर यावं. पिन पुन्हा बाहेर येऊच शकत नाही. माझ्या गाडीचं कव्हर काढून मी आत बोट फिरवलं, तर पिन नखभर वर आलेली लागली. बाहेर पत्ती काही डॉलरची, आत इंजिन हजारो डॉलरचं. जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण रंग बघतो, टायर बघतो. ही पत्ती आहे का, असं विचारणारा फार क्वचित भेटतो.

इथले तरुण मालक पैसा घालतात तो भलतीकडेच. मोठे इंजेक्टर, पंपातली डिझेल वाढवणारी प्लेट, मोठा टर्बो. कंपनीने हाताच्या गिअरसोबत २१५ हॉर्सपॉवर दिलेलं इंजिन दुपटीवर नेता येतं आणि ते सहनही करतं, हे खरं. पण क्लच सहन करत नाही, हेड गॅस्केट करत नाही. सिग्नलला मुद्दाम काळा धूर सोडणारे पाहिले की मला मनापासून राग येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल आणि मागच्या सायकलवाल्याच्या छातीत जाणारी काजळी. आधीच या गाडीला धूर गाळणारं काही नाही. म्हणून मी ती कामापुरतीच काढतो, रोजच्या ये-जा करण्यासाठी ट्रेन आहे.

दादाची सव्वा टनी बोलेरो पिकअप अंबाडीत आहे. पावसाआधी खत आणि बियाणं, दिवाळीच्या सुमाराला झोडणी झाली की पेंढा, मग उन्हाळ्यापर्यंत भाजी कल्याणच्या मार्केटला, आणि वज्रेश्वरीच्या जत्रेच्या आधी मांडववाल्याचे वासे आणि पडदे. तिकडे गाडीत भर घालणं म्हणजे स्प्रिंगचे पाटे चढवणं. मागे एक पाटा जास्त घातला की गाडी बसत नाही, मग दीड टन, दोन टन भरायला मोकळे. गाडी बसली नाही म्हणून ती पेलते आहे असं वाटतं, पण ब्रेक तोच राहतो, टायर तेच, एक्सल तोच. वाडा रस्त्याच्या खड्ड्यांत तो एक्सल काय सोसतो ते एकदा वाकून पाहावं. कॅलगरीतला मोठा टर्बो आणि अंबाडीतला जादा पाटा, दोन्हीत चूक एकच आहे: गाडीने जास्त करावं यासाठी खर्च, ती वेळेवर थांबावी यासाठी नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ती पत्ती. मग इंजिनामागच्या डिझेलच्या रबरी नळ्या. त्या वयाने चिरतात, डिझेल बाहेर येत नाही पण हवा आत ओढली जाते, आणि सकाळी गाडी उशिरा धरते. लोक बॅटरी बदलतात, सेल्फ बदलतात, आणि दोष निघतो नळीत. मग पुढच्या चाकांचे जॉइंट आणि स्टिअरिंगचा ट्रॅक बार, कारण तो ढिला झाला की हायवेवर सगळा पुढचा भाग थडथडतो. मग एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा. रॉकी पर्वताच्या चढावर ट्रेलर ओढताना तो ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की पाय काढायचा, नाहीतर पिस्टन वितळतो. आणि शेवटी एक्झॉस्ट ब्रेक. तो घालायचा तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही जाड घालाव्या लागतात, हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. कसाऱ्याच्या घाटात जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. रॉकीजच्या उतारावरही मला तेच उपयोगी पडतं, एक्झॉस्ट ब्रेक असला तरी.

थंडीचं एक सांगायला हवं. डिझेलमध्ये मेण असतं. गारठा वाढला की त्याचे कण धरतात आणि फिल्टर चोंदतो. पेट्रोल पंपांवर हिवाळ्यात पातळ डिझेल येतं, पण सप्टेंबरमध्ये भरलेली टाकी नोव्हेंबरपर्यंत अर्धी उरली असेल, तर पहिल्या कडाक्याला गाडी रस्त्यात उभी राहते. अंबाडीत हाच त्रास पाण्याचा. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरतं आणि पंप-नोजल खातं. दोन्हीकडे पाहायची जागा मात्र एकच, फिल्टर.

आपल्याकडे मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्या दिवसापुरते का होईना, ब्रेक आणि दिवे नीट होतात. इथे आल्बर्टा प्रांतात खासगी गाडीची अशी नियमित तपासणी नाही. दुसऱ्या प्रांतातून गाडी आणली तर एकदा होते, जुन्या गाडीला विमा कंपनी कधी मागते, बाकी सगळं मालकावर. हे स्वातंत्र्य मला आवडतं आणि त्याची भीतीही वाटते. म्हणून दर उन्हाळ्यात मी स्वतःच गाडीचं पासिंग करतो: चारी चाकं उतरवून, ब्रेकचे पाइप कापडाने पुसून, गंज बोटाने चाचपून.

कॅलगरीत नव्याने आलेले आणि जुनी डिझेल पिकअप पाहणारे कुणी हे वाचत असतील, तर त्यांनी हाताचे गिअर असलेली गाडी घ्यावी, चॅसिसचा गंज स्वतः वाकून पाहावा आणि पुढच्या कव्हरमागची पत्ती आहे की नाही हे विचारूनच पैसे द्यावेत. अंबाडी, वाडा, शहापूर भागात पिकअप चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं, की जून लागायच्या आधी फिल्टरच्या तळाचा नट सैल करून पाणी काढा आणि यंदा पाट्याचे पैसे ब्रेकच्या लायनरला घाला.