अम्मीची सुटी

आमच्या खानदानात बातम्या फुटतात त्या उन्हाळ्यातच. वर्षभर फोनवर "सब खैरियत" एवढंच चालतं. मे महिना जवळ आला, कुवेतवाले, पुणेवाले आणि इचलकरंजीवाले मिरजेत जमले, की मग एकेकाच्या पोटातलं ओठावर येतं. २०२४ चा उन्हाळाही तसाच होता. फरक इतकाच, की या वेळी ऐकून घ्यायला अब्बा नव्हते.

अब्बांचा इंतकाल डिसेंबरमध्ये झाला. अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवसांच्या त्या मुदतीतच रमजान आला आणि ईदही येऊन गेली. शीरखुर्मा मी केला. अम्मीने चमचाभर घेतला आणि वाटी बाजूला सारली. ईदनंतर आठवडाभरात इद्दत पूर्ण झाली. घरातल्या सगळ्यांनी निःश्वास टाकला आणि बातम्या सुरू झाल्या.

बहिणीच्या मुलाची बातचीत पक्की झाली होती. मुलगी कराडची, डी.एड. झालेली. चुलतभावाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली होती. भाचीची बारावी झाली होती आणि निकालाच्या धास्तीने तिने नखं खाऊन संपवली होती. या सगळ्या गोड बातम्या. शेवटी भावाने त्याची बातमी सांगितली. कुवेत सोडून कायमचं परत यायचं, पण मिरजेत नाही, पुण्यात. त्यासाठी मिरजेचं घर विकायचं, फ्लॅट घ्यायचा, अम्मीने त्याच्याबरोबर राहायचं. "अम्मी इथे एकटी कशी राहील?" हे त्याचं म्हणणं मनापासूनचं होतं, हे मला आजही मान्य आहे. पण घर विकायचं म्हटल्यावर जेवणाच्या दस्तरख्वानावर जी शांतता पसरली, ती पुढचे तीन आठवडे उठलीच नाही. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. अम्मी तर भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

आता मुलांची सुटी म्हणजे त्यांना कुठेतरी न्यायलाच हवं. माझी मुलगी आणि भाची यांना पुण्यातला एका गायकाचा मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम बघायचा होता. तिकिटाची किंमत ऐकून मी शिक्षकाच्या सवयीने हिशेब केला: तेवढ्यात वर्गाच्या वाचनपेटीला किती पुस्तकं आली असती! तरी गेले. मुली आईला सांगून, आईला बरोबर घेऊन जायला तयार आहेत, ही गोष्ट मला पुस्तकांपेक्षा मोलाची वाटली. स्पीकरचा आवाज कानांपेक्षा छातीत जास्त वाजत होता. गर्दीतल्या हजारो पोरांना प्रत्येक गाणं पाठ. पाढे पाठ करताना हीच पिढी कुठे जाते, असा एक विचार मनात येऊन गेला. मुली मात्र घसा बसेपर्यंत खूश होत्या.

दुसरी मैफल घरापासून दहा मिनिटांवर, सितारमेकर गल्लीत. मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्या गावात दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे बनतात. हे काम मूळचं शिकलगार घराण्यांचं. हत्यारांना धार लावणारे हे हात एकोणिसाव्या शतकात तारांकडे वळले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, वाळवलेला. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ मध्ये ते वारले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं. अब्बा ते कधी चुकवत नसत. संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत, आमच्या घरातही आहेत. चाचा कधी गाण्याला गेले नाहीत आणि अब्बांनी कधी गाणं सोडलं नाही. जुम्म्याला मात्र दोघे भाऊ एकाच सफेत उभे राहत.

त्या संध्याकाळी धारवाडकडची एक तरुण गायिका आपला नवा तंबोरा न्यायला आली होती. नेण्याआधी तिने तासभर गावं, असं कारागिरांनी ठरवलं. जेमतेम पंधरा-वीस माणसं. अम्मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बायकांबरोबर बसली. इद्दतीनंतर लांबच्या नात्यातल्या घरांखेरीज ती प्रथमच कुठे आली होती. कारागिराने तारेखालचा सुती दोरा नखाने केसभर सरकवला. बसका वाटणारा आवाज एकदम उमलला आणि सगळी खोली त्याने भरून गेली. यालाच जवारी म्हणतात. अम्मी हळूच म्हणाली, "खुल गयी." तिला हे अब्बांनीच कधीतरी शिकवलं असणार. मग ती रडली. मय्यतीच्या दिवशी रडली नव्हती, तेवढी त्या तासाभरात रडली.

परत येताना रस्त्यातच तिने मला विचारलं, "अंदमानला जायला किती दिवस लागतात?"

या प्रश्नामागे चाळीस वर्षं होती. अब्बा उर्दू शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या कपाटात मौलाना जाफर थानेसरी यांचं 'काला पानी' होतं, पेन्सिलच्या खुणांनी भरलेलं. १८६६ मध्ये अंदमानात नेलेले थानेसरी १८८३ मध्ये परतले आणि आपली हकीकत त्यांनी उर्दूत लिहिली. त्यांच्याही आधी तिथे गेलेले मौलाना फज्ले हक खैराबादी म्हणजे अब्बांचं दैवतच. गालिबचे दोस्त, मन्तिकाचे (तर्कशास्त्राचे) मोठे आलिम. १८५७ च्या उठावानंतर त्यांना जन्मठेप झाली, १८५९ मध्ये बेटावर आणलं गेलं आणि १८६१ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मजारीवर एकदा फातिहा पढायचा, हे अब्बा दर उन्हाळ्यात म्हणत. आणि दर उन्हाळ्यात कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी फी, कुठलं तरी छप्पर आडवं येई.

अम्मीचा बेत कळल्यावर चाचा घरी आले. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाईजानला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि भाभी समुद्रावर फिरायला जाणार? लोक काय म्हणतील?" चाचांचं वय, त्यांचं दुःख, दोन्हींचा मान ठेवून मी गप्प राहिले. पण इथे लिहिते. इद्दतीची मुदत सूरह बकराच्या २३४ व्या आयतीत ठरवून दिलेली आहे. ती संपल्यावर बाईने रीतसर आपलं जे काही करावं, त्याचा दोष कुणावर नाही, हेही तिथेच सांगितलं आहे. अल्लाहने घातलेली मुदत मोहल्ल्याने वाढवायची, हा हक्क मोहल्ल्याला कुणी दिला? बाप्याची बायको गेली तर चाळिसाव्यालाच लोक त्याच्यासाठी स्थळं आणतात. तेव्हा कुणी महिने मोजत नाही. शिवाय मुलगा आणि जावई दोघे बरोबर होते, म्हणजे मेहरमचाही प्रश्न नव्हता. चाचा उठले. जाताना अम्मीला सलाम केला, पण स्टेशनवर आले नाहीत.

सात मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान. माझी ड्युटी होती. मशीन जमा करून रात्री उशिरा घरी आले, दोन दिवस झोपले आणि मग आम्ही राणी चेन्नम्माने बेंगळुरू, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर असे निघालो. अम्मीचा हा पहिला विमानप्रवास. तिने खिडकीची जागा घेतली आणि दोन-अडीच तास ढगांवरची नजर हलवली नाही.

अंदमानात पहिल्यांदा चुकतं ते घड्याळ. वेळ आपलीच, पण बेटं मिरजेच्या पूर्वेला अठरा रेखांश. मेमध्ये आपल्याकडे मगरिब सातच्या आसपास, तिथे साडेपाच-पावणेसहालाच अंधार पडायला लागतो. फजर तर पावणेचारच्या सुमारास. अम्मी म्हणाली, "इथला सूरज घाईत आहे." मुलांना रेखांश शिकवायला मला याहून चांगला धडा मिळाला नसता. मुलं अर्थात झोपलेली होती.

सेल्युलर जेल पाहिलं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे सात पंख. आज त्यांतले तीनच उभे आहेत. मराठी पर्यटकांची रांग सावरकरांच्या कोठडीसमोर होती, आणि त्यात नवल ते काय. पण गाईडचं बोलणं ऐकताना मुलांचा समज असा झाला, की काळ्या पाण्याची गोष्ट या इमारतीपासून सुरू होते. खरं तर १८५७ नंतरचे पहिले दोनशे कैदी मार्च १८५८ मध्येच इथे उतरले होते. तेव्हा तुरुंग म्हणजे जंगल, दलदल आणि हिवताप. भिंतींची गरजच नव्हती, समुद्र होता. फज्ले हक त्या पिढीतले. जेलचा पाया घातला तेव्हा त्यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

मजारीकडे नेणारा रिक्षावाला गोड हिंदी बोलत होता. विचारलं तर घर मल्याळी, मोपला. १९२१ च्या मलबारच्या बंडानंतर या लोकांना इथे आणलं गेलं आणि त्यांनी आपल्या नव्या वस्त्यांना मंजेरी, कालिकत अशी मागे राहिलेल्या गावांचीच नावं दिली. अम्मीला हे फार आवडलं. तिने त्याच्याकडून त्याच्या सगळ्या खानदानाची बातमी काढून घेतली.

आम्ही गेलो तेव्हा मजारीपाशी दुसरं कुणी नव्हतं. फज्ले हकांनी कैदेत अरबीत लिहिलेली हकीकत सुटून जाणाऱ्या एका सोबत्याबरोबर बाहेर पोचली, हे अब्बा वर्गात सांगत असत. ते मी मुलांना सांगू लागले, तर भावाने मला हाताने थांबवलं. अम्मी फातिहा पढत होती. मग तिने पिशवीतून अब्बांचं पुस्तक काढलं, जिथे पेन्सिलची खूण होती ते पान उघडलं आणि थोडं पुटपुटत वाचलं. चष्मा भरून आला तेव्हा भावाने पुस्तक धरलं. आम्ही भावंडं तिथे काही बोललो नाही.

हॅवलॉकचं थोडक्यात सांगते, कारण फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. बोट हलली, अम्मीला मळमळलं, लिंबू कामाला आलं. राधानगरचा किनारा खरोखर सुंदर आहे. मगरींच्या सूचनांचे फलक वाचून भाची गुडघ्यापलीकडे पाण्यात गेली नाही. शिंपले आणायला बंदी आहे, हे मुलांना दहादा सांगावं लागलं.

जे सांगायचं आहे ते रॉस बेटावरचं. आता त्याला नेताजींचं नाव आहे. इंग्रजांचं मुख्य ठाणं तिथे होतं: चर्च, बेकरी, नाचघर, बंगले. १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर ते ठाणं कायमचं उठलं. आज तिथे छपरं नाहीत. वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळं भिंतींवरून उतरून खिडक्यांमधून आत शिरली आहेत, आणि हरणं मोकळी फिरतात. मुलं हरणांमागे. अम्मी एका भिंतीपाशी उभी राहिली, मुळांवरून हात फिरवला आणि भावाला म्हणाली, "माणूस उठलं की घराचं हे होतं."

भाऊ म्हणाला, "अम्मी, हे इंग्रजांचं घर आहे."

"माहीत आहे. मी आपल्या घराचं बोलतेय. बत्तीस हिस्से कर. चार माझे, चौदा तुझे, सात-सात या दोघींचे. इद्दतीत मी बसून तेच केलं. तुझे चौदा तुझेच आहेत, त्यातला कण कुणी घेणार नाही. पण माझे चार मला विकायचे नाहीत. आता या दोघींना विचार."

वाचकांना हिशेब ठाऊक असेलच. मय्यताला मुलं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन तर मुलीचा एक. चार, सात आणि सात मिळून अठरा होतात. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. मी मान हलवली, बहिणीला फोन लावला, ती रडत "नको विकू" म्हणाली. भावाचा चेहरा उतरला. तो चिडला नाही, पण परतीच्या बोटीत आमच्यापासून लांब, रेलिंगला टेकून उभा राहिला. माझे मिस्टर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला अजून सांगितलेलं नाही.

२१ मेला भाचीचा बारावीचा निकाल लागला, ७८ टक्के. त्या रात्री जेवताना भाऊ प्रथमच घराविषयी बोलला: पुण्यात तो आधी भाड्याने राहील, फ्लॅटचं पुढे बघू. त्याच्या हिश्श्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. त्यावर पुढच्या उन्हाळ्यात परत बसावं लागेल. चाचाही अजून घरी आलेले नाहीत. अम्मीने त्यांच्यासाठी अंदमानातून लाकडी तसबीह आणली आहे, ती कपाटात आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाआधी मागच्या खोलीची कौलं उतरवून नवी घातली. पैसे भावाने कुवेतहून पाठवले. गवंड्याच्या पावत्या अम्मी स्वतः ठेवते, उशीखाली.